देवाच्या खाचराला कोणता पंखा?

कीर्तनाला मी नेहमी पहिल्या रांगेत बसतो, आणि आमच्या घरातल्या बहुतेक संकटांचा उगम त्या पहिल्या रांगेत आहे असं आमच्या हिचं, म्हणजे ललिताचं, ठाम मत आहे. मागे खांबाला टेकून बसणारी माणसं कीर्तन ऐकतात आणि घरी जाऊन जेवतात. पहिल्या रांगेत तसं होत नाही. तिथे झांजांचा आवाज थेट छातीत शिरतो, तबल्याची शाई दिसते, आणि एका क्षणी आपण कोण, आपली रक्तदाबाची गोळी घेतली की राहिली, यातलं काहीही आठवत नाही. अशा वेळी माणसाने हात जोडावेत, डोळे पुसावेत. उभं राहू नये. मी उभा राहिलो.

त्रिपुरी पौर्णिमेची गोष्ट. आमचं गाव कर्जतहून कशेळ्याला जाताना वाटेत लागतं. गावात दत्ताचं देऊळ आहे आणि देवळाच्या मागे, थेट ओहोळापर्यंत उतरत गेलेलं, देवाच्या मालकीचं लांबलचक खाचर आहे. दत्तजयंतीच्या प्रसादाला भात शिजायचा तो या खाचराचा. विकतचा तांदूळ देवाला चालत नाही असं नाही, देव बिचारा काही बोलत नाही. पण गावाच्या घशाखाली तो उतरत नाही. खाचर कसणारं कुटुंब पनवेलला राहायला गेलं, तेव्हापासून खाचर पडीक आणि प्रसाद दुकानातला, अशी अवस्था होती.

त्या दिवशी कीर्तनाला कर्जतच्या हर्षलाताई उभ्या होत्या. ताईंच्या आवाजाबद्दल मी लिहू नये. लिहायला गेलो की ललिता म्हणते, पुरे. एवढंच सांगतो की ताई वरच्या सुरावर थांबल्या की देवळातली समईसुद्धा हलायची थांबते. निदान पहिल्या रांगेतून तरी तसं दिसतं. ताई म्हणाल्या, "वरवर खरवडलं म्हणजे नांगरट होत नाही हो. खालची माती वर आली पाहिजे. जिला वर्षानुवर्षं ऊन माहीत नाही, तिला ऊन दाखवायचं. मनाचंही तेच." मग घोटभर पाणी पिऊन सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "येताना देवाचं खाचर बघितलं. गवत माझ्या कमरेला लागलं."

देऊळ चिडीचूप झालं. त्या शांततेचा फायदा घेऊन देवस्थानचे अध्यक्ष पोपटशेठ उभे राहिले. पोपटशेठ गोड माणूस. वाईट बातमीसुद्धा पेढा दिल्यासारखी देतात. "ताई बोलल्या ते खरं हाय. कसायला कोन तयार नाय. म्हनून कमिटीनं ठरवलंय, दत्तजयंतीपासून जागा शेजारच्या लॉनला पार्किंगला द्यायची. गवत पन जाईल, देवाला भाडं पन येईल." शेजारचं लग्नाचं लॉन पोपटशेठच्या जावयाचं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण आरतीच्या तोंडावर असलं कोण बोलणार?

आणि मी उभा राहिलो. "दत्तजयंतीच्या आत सगळं खाचर मी नांगरून देतो," असं कोणीतरी माझ्या आवाजात म्हणालं.

तबलजीचा हात चुकून तबल्यावर पडला. पोपटशेठनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "पदू, तू? अरं, तू रसायनीला स्टोअरमधी व्हतास ना?"

होतो. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट आणि पिंपं मोजण्यात माझी उभी नोकरी गेली, यात लाजण्यासारखं काय आहे? पण ज्या स्वरात पोपटशेठनी 'स्टोअर' म्हटलं, त्या स्वरात माणूस 'मुडदूस' म्हणतो.

"सगळं नांगरायचं बरं का," ते हसून म्हणाले. "एक वाफा राहिला तरी पार्किंग. चला, आरती घ्या."

दुसऱ्या दिवशी माझा मेव्हणा मनोज खालापूरहून ट्रॅक्टर घेऊन आला. मनोजचा ट्रॅक्टर लहान आणि तोंड मोठं. "दाजी, ट्रॅक्टर हाय, नांगर हाय. पन नांगराचा पंखा गेलाय. झिजून चाळन झालीय त्याची. पंखा तेवढा तुमी बघा."

पंखा म्हणजे काय, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसलं तर संकोच नको. फाळ माती कापतो. फाळाच्या वर एक वाकडा, पिळदार लोखंडी पत्रा असतो. कापलेली माती त्याच्यावर चढते, वळते आणि पालथी पडते. तो पंखा. म्हणजे ताई ज्याबद्दल बोलल्या ते सगळं काम पंख्याचं. हे कळल्यावर मला एकदम भरून आलं. मनोजला आलं नाही. तो म्हणाला, "रडू नका, माती कसली हाय ते सांगा. मातीपरमानं पंखा लागतो."

आमच्या गावात वाटीभर साखर मागायला गेलात तर लोक विचार करतील. सल्ला मात्र घरपोच येतो. संध्याकाळपर्यंत आमच्या ओटीवर सहा प्रकारची माती जमा झाली होती. सगळी तोंडी. कोणी म्हणे मुरमाड, कोणी म्हणे चोपण, कोणी म्हणे पोपटशेठचं ऐक आणि गप बस. शेजारच्या सोनुबाईंनी तर कमालच केली. "पदू रं, खालच्या टोकाला जाऊ नको. थितली माती पाय धरते ती सोडीत नाय. माझ्या सासऱ्याचा जोडा अजून थितंच हाय."

"कधीचा?"

"मी नवी नवरी व्हते तवाचा."

मी टॉर्च, खुरपं आणि श्रद्धा घेऊन खाचरात उतरलो. आणि खरं सांगतो, चकित झालो. देवळाजवळ, लॉनच्या कुंपणाला लागून, माती तांबडी, मुरमाड, मुठीतून सुटून जाणारी. जरा खाली आलं की गवताचं रान. मुळांनी माती अशी घट्ट विणलेली की खुरपं परत फिरलं. आणि ओहोळाच्या बाजूला, जिथे कालव्याचं पाणी झिरपतं, तिथे काळपट, गुळगुळीत, ओल्या कणकेसारखी चिकण. एकाच बांधाच्या आत तीन स्वभाव. एका देवाला तीन तोंडं असतात हे आम्ही रोज आरतीत म्हणतो. देवाच्या खाचरालाही असावीत, याचं मला तिथे चिखलात उभं राहून फार नवल वाटलं. नवल ओसरल्यावर लक्षात आलं की डावी चप्पल सासऱ्यांच्या जोड्याच्या भेटीला गेली आहे.

त्या चिखलाच्या काठावरच माझं पिंप पडलं होतं. त्याबद्दल सांगायला हवं. निवृत्त होताना मी देवळाला पाण्यासाठी निळं प्लॅस्टिकचं मोठं पिंप अर्पण केलं होतं. त्यावर रसायनीच्या पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: वर बारीक 'श्रीचरणी अर्पण' आणि खाली ठसठशीत 'पद्माकर मालोजी ठोंबरे'. बारीक-ठसठशीत हा पेंटरचा निर्णय. मी फक्त नाही म्हटलं नाही. मागच्या उत्सवात कोणीतरी त्याला ट्रॅक्टरची धडक दिली, मागून ते तडकलं, आणि तेव्हापासून ते तिथे बांधावर होतं. येता-जाता मी ते फिरवून नावाची बाजू रस्त्याकडे करून ठेवत असे. दुसऱ्या दिवशी ते नाव ओहोळाकडे तोंड करून असे. कोण फिरवतं ते मी कधी विचारलं नाही. मी परत फिरवत असे.

पंख्यासाठी खालापूरला अवजार बँकेत गेलो. ही अशी बँक की तिथे अवजारं ठेवतात आणि अर्ज केल्यावर वापरायला देतात. खिडकीत सुरभीमॅडम होत्या. त्यांनी संगणकाकडे बघत विचारलं, "जमीन कसली?"

"देवाची," मी म्हणालो.

"तो पर्याय नाहीये काका. मातीचा प्रकार सांगा."

"तीन आहेत."

"एका गट नंबरला एकच माती टाकता येते."

मी त्यांना तिन्ही स्वभाव समजावून सांगितले. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका अर्जावर एक पंखा. कुठला ते आत जाऊन बघा."

आत मांडणीवर पंखे होते. मी जाऊन उभा राहिलो आणि हात आपोआप जोडले गेले. लोखंडाला एवढा नाजूकपणा कोणी शिकवला असेल? एक लांब, सावकाश पीळ घेत गेलेला, गणपतीच्या कानासारखा, गवताळ जमिनीचा. एक आखूड, उभा, तडकाफडकी वळणारा, सुट्या मातीचा. आणि तिसऱ्याच्या जागी फक्त एक चिठ्ठी: 'चिकण मातीसाठी, पट्ट्यांचा. प्रदर्शनाला गेला आहे.'

"पट्ट्यांचा म्हणजे?" मी विचारलं.

"अखंड पत्रा नसतो, मध्ये फटी असतात. चिकट मातीला धरायला जागाच कमी मिळते, मग ती सुटते."

"कधी येईल?"

"अलिबागला आहे. दत्तजयंतीनंतर."

मी लांब पिळाचा घेतला. मातीचा शास्त्रीय विचार केला असं म्हणणं खोटं होईल. ताईंनी पुरता पालट सांगितला होता आणि सगळ्यात पुरतं वळण त्याला होतं.

परतीला एसटीत तो पंखा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, "काका, हे गाडीचं मडगार्ड का?" मी पूर्ण माहिती द्यायला सुरुवात केली तेव्हा तो पुढच्या दाराकडे गेला. चौकला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र काही न विचारता पंख्याला बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि मग बसायला जागा शोधली. कर्जत येईपर्यंत मी तो पंखा मांडीवरून हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी.

पहिल्या दिवशी मधल्या गवताळ पट्ट्यात ट्रॅक्टर घातला. मी बांधावर हात जोडून उभा. फाळ आत गेला आणि गवतासकट जमिनीची एक अखंड पट्टी उठली, पंख्याच्या पिळावरून सावकाश वर चढली, क्षणभर उभी राहिली आणि तव्यावरचं घावन उलटावं तशी पालथी पडली. गवत खाली, काळं ओलं पोट वर. वाफ निघाली. कुठून तरी बगळे आले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. ताईंनी जे दोन तास गाऊन सांगितलं, ते हा पत्रा मुकाट्याने करत होता.

"दाजी, बाजूला व्हा," मनोज ओरडला. "नायतर तुमी पन पालथे पडाल."

मधला पट्टा झाला. वर मुरमाड मातीत गेलो तर तोच पंखा नुसता फिरून येई. सुटी माती चढायच्या आधीच घरंगळून जागेवर. खाली चिकणीत गेलो तर त्याहून वाईट. माती पंख्यावर चढली आणि तिथेच राहायला आली. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. शेवटी नांगराच्या जागी बैलाच्या डोक्याएवढा गोळा आणि त्याच्यामागे नुसती घसपटल्याची खूण.

पुन्हा खालापूर. सुरभीमॅडम म्हणाल्या, "काका, परवा तुमची माती गवताळ होती."

"अजूनही आहे. पण वरची मुरमाड आहे."

"गट तोच?"

"तोच."

"मग माती बदलली कशी?"

"मॅडम, एका घरात सासू, सून आणि नणंद राहतात की नाही?"

मॅडमच्या हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अर्ज मंजूर झाला.

आखूड पंखा मुरमाड मातीत काय चालला म्हणून सांगू. माती त्याच्यावर चढताच फुटत होती, भुगा होऊन बाजूला उडत होती. मनोजला ते इतकं आवडलं की त्याने वेग वाढवला. वेग वाढवला तशी माती लांब उडू लागली. लॉनच्या कुंपणापलीकडे वधूवरांचा पांढरा मखमली सोफा उन्हाला ठेवला होता, हे आम्हाला माती त्यावर पोचल्यावर कळलं. सोफा तांबडा झाला. रंग वाईट नव्हता, पण पोपटशेठना तो दाखवायची वेळ वाईट होती.

पोपटशेठनी सोफ्यावरची माती बोटाने टिपून पाहिली. मग मऊ आवाजात म्हणाले, "पदू, आता खालचा तुकडा कधी?"

"होईल शेठ."

"परवा दत्तजयंती. उद्या आमची मानसं पार्किंगच्या रेघांना चुन्याची फक्की मारायला येतील. तू नांगरलंस तर बरंच हाय. नाय नांगरलंस तर गाड्यांच्या रांगा सरळ तरी येतील."

आता हा तुकडा म्हणजे सगळ्या खाचराचा जीव. भात पिकतो तो खरा तिथे. वरच्या मुरमाडात पावसाळ्यात वरी-नाचणी होईल, भात नाही. तो राहिला तर देवाच्या ताटात कायमचा दुकानचा तांदूळ, आणि ज्या मातीला ताईंनी ऊन दाखवायला सांगितलं तिच्यावर वऱ्हाडाच्या गाड्या. शिवाय शब्द मी भर कीर्तनात दिलेला. देव दिलेला शब्द ऐकतो की नाही, याबद्दल लोकांत मतभेद आहेत. पहिल्या रांगेतला ऐकतो, असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सल्ल्यांना ऊत आला. पंख्याला तेल लावा. लावलं, ललिताचा शेंगदाणा तेलाचा डबा संपला आणि पंख्यावर मातीला फोडणी बसली. राख लावा. लावली, राख आणि माती यांचं फार लवकर जमलं. सोनुबाई म्हणाल्या, "दगड बांध रं मागं, वजन पायजे." दगड बांधला, तोही आता जोड्याजवळ आहे. मनोज म्हणाला डिझेल. ते लावल्यावर माती चिकटली ती चिकटलीच, वर वासही येऊ लागला. पोपटशेठची दोन माणसं फक्कीची पोती घेऊन बांधावर बसून हे सगळं तमाशासारखं बघत होती.

चार पावलं जायचं, थांबायचं, मी काठीने पंखा खरवडायचा, पुन्हा चार पावलं. दुपारी माझा संयम सुटला. कीर्तन ऐकणाऱ्या माणसाने रागावू नये, पण मी रागावलो. काठीवरचा मातीचा गोळा मी जीव खाऊन भिरकावला. तो गेला आणि माझ्या पिंपावर, बरोबर नावावर बसला. फक्कीवाले हसले.

ते हसले म्हणून मी धावलो. पंच्याने नाव पुसायला गेलो आणि हात तसाच राहिला. गोळा नावावर टिकत नव्हता. तो सावकाश, शाळेच्या घसरगुंडीवरून पोर उतरावं तसा, खाली सरकत होता. 'मालोजी'वरून उतरला, पिंपाच्या कडेला आला आणि पडला. मागे डागसुद्धा नाही. जी माती लोखंड सोडत नव्हती, चपला सोडत नव्हती, सोनुबाईंच्या सासऱ्यांचा जोडा सोडत नव्हती, ती माझ्या नावावर थांबायला तयार नव्हती.

मी दुसरा गोळा घेतला आणि नावावर मारला. तो पण घसरला. तिसरा.

"दाजी," मनोज ट्रॅक्टरवरून हळूच म्हणाला, "ललिताताईला बोलवू का?"

"करवत आण," मी म्हणालो.

पिंपाची मागची बाजू तडकलेली, अखंड होती ती फक्त नावाची. मनोजने करवत हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ललिता चहा घेऊन आली. काय चाललंय ते तिला सांगितलं. तिने पिंपाकडे पाहिलं, फक्कीवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कापा की. नाव कापलं म्हनून तुमाला कोन पदू म्हनायचं थांबनार हाय का?"

कापण्याची रेघ मी स्वतः आखली, नावाला धक्का लागणार नाही अशी. त्यातही एक आशा होती. पिंपाचा बाक आतून पंख्याच्या बाकाला जुळत होता. म्हणजे पिंपाची आतली बाजू मातीकडे येणार आणि नाव पत्र्याकडे, सुरक्षित, झाकलेलं. देव भक्ताची लाज राखतो, ती अशी. आम्ही तुकडा बोल्टने बसवला, मी स्वतः बसवला. स्टोअरमधली उभी हयात कामाला आली. ट्रॅक्टर सुरू झाला, आणि दहा-बारा पावलांवर पुन्हा गोळा.

मनोजने आत बोट फिरवलं. "कालव्याच्या पान्याचा थर बसलाय दाजी. खरबरीत हाय. भाईरची बाजू गुळगुळीत, तीच पायजे."

बाहेरची बाजू म्हणजे नाव.

मी देवळाच्या कळसाकडे बघितलं. कळस काही बोलला नाही. फक्कीवाल्यांनी पोत्याचं तोंड सोडायला घेतलं होतं. मला ताईंचं वाक्य आठवलं, वरवर खरवडू नये असं. मी इतके दिवस ते गवताबद्दल समजत होतो.

"उलटं बसवू," मी म्हणालो.

देवळाच्या मागे दुसऱ्या दिवशीच्या प्रसादाची पातेली चढलीच होती. उकळतं पाणी आणून तुकड्यावर ओतलं, तो मऊ झाला, दोघांनी गुडघे देऊन त्याला उलट बाक दिला आणि बोल्ट आवळले. आता आमच्या नांगराच्या कपाळावर, मातीकडे तोंड करून, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं पूर्ण नाव होतं. सोनुबाई बांधावरून म्हणाल्या, "पदू रं, मतदानाला उभा हायस का?"

फाळ चिकणीत गेला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. ती काळी, जड, वर्षानुवर्षं कोणाचं न ऐकलेली माती उठली, माझ्या नावावर चढली, चकाकत वळली आणि न थांबता उतरली. लांबच लांब, ओल्या रेशमासारखी. तिच्या अंगावर फाळाचा आरसा उमटला होता, त्यात आभाळ दिसत होतं. ट्रॅक्टर थांबला नाही. बांधाला गेला, वळला, परत आला. मी मागे चालत होतो, दोन्ही पाय अनवाणी, आणि पायाखाली थंड, कधीच ऊन न पाहिलेली माती होती. मला तिची माफी मागावीशी वाटली. ललिता पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिच्या हातातल्या चहावर साय आली होती, तरी ती बघत होती. मनोजसुद्धा बराच वेळ काही बोलला नाही, आणि ही गोष्ट आमच्या सासरी कोणी खरी मानत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटची सरी झाली. मधल्या एका वळणावर सोनुबाईंच्या सासऱ्यांचा जोडा वर आला. एकच होता. सोनुबाईंनी तो हातात घेऊन माती पुसली आणि म्हणाल्या, "मेला, एवढ्यासाठी सासऱ्यानं आयुष्यभर मला बोल लावला."

फक्कीवाले पोती उचलून गेले होते. पोपटशेठ आले. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग वाकून ढेकूळ उचललं, दाबलं, नाकाजवळ नेलं. ते मूळचे शेतकरीच, जावई लॉनवाला असला म्हणून काय झालं. "वाल लगेच टाकून घे, वल हाय तवर," ते म्हणाले. "बी मी देतो. आमच्या घरचं हाय." पेढा दिल्यासारखं म्हणाले नाहीत, साधं म्हणाले.

मनोजने बोल्ट सोडून तुकडा मोकळा केला आणि ओहोळात धुतला. आम्ही सगळे बघायला वाकलो. खालची ठसठशीत ओळ गेली होती. पद्माकर नाही, मालोजी नाहीत, ठोंबरे नाहीत. निळं, घासून लख्ख झालेलं प्लॅस्टिक. वरच्या कडेला, जिथवर माती पोचली नव्हती, तिथे बारीक अक्षरं तेवढी राहिली होती: श्रीचरणी अर्पण.

"नाव गेलं रं तुझं, पदू," पोपटशेठ म्हणाले.

"रंगवून घ्यायचं का परत?" ललिताने विचारलं.

मी तो तुकडा हातात घेऊन त्या बारीक अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग मनोजकडे दिला आणि म्हणालो, राहू दे नांगरालाच.

दत्तजयंतीला पाळणा झाला, आरती झाली, दुकानच्या तांदळाचा, शेवटचा म्हणावा असा, प्रसाद झाला आणि हर्षलाताई कीर्तनाला उभ्या राहिल्या. मी पहिल्या रांगेत. ललिताने बायकांच्या बाजूने मनोजला खुणावून माझ्या शेजारी बसवलं होतं आणि माझ्या सदऱ्याचं मागचं टोक त्याला मुठीत धरायला लावलं होतं. ताईंनी डोळे मिटले, सूर लावला, आणि मग थांबून म्हणाल्या, "येताना देवाचं खाचर बघितलं. कोणीतरी नांगरलंय."

कोणीतरी. त्या शब्दावर ताई जरा थांबल्या आणि समई हलायची थांबली. माझ्या छातीत काहीतरी सावकाश वर चढलं, वळलं आणि पालथं पडलं.

मनोजने सदरा घट्ट ओढला. "दाजी, बसा."

मी उठत नव्हतोच. मी नमस्काराला वाकलो होतो.